व्हिडिओ गेममधील नायिका आणि खेळणाऱ्या स्त्रीचा ‘मी’

१

व्हिडिओ गेममधील स्त्रीचित्रणाविषयी गेल्या तीन दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. जस्टीन कॅसेल व हेन्री जेन्किन्स यांनी संपादिलेला ‘फ्रॉम बार्बी टू मॉर्टल कॉम्बॅट’ हा लेखसंग्रह १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा विषय विद्यापीठीय अभ्यासात रीतसर दाखल झाला असे मानण्यास हरकत नाही. पुढे २०१३ ते २०१७ या काळात अनिता सार्कीझियन यांनी या विषयावर चित्रफितींची एक मालिका केली. १९८१ च्या ‘डाँकी काँग’पासून अनेक खेळांत स्त्री ही केवळ पळवून नेली जाणारी आणि सोडवून आणली जाणारी वस्तू म्हणून येते, हे त्यांनी उदाहरणांनिशी दाखविले. त्या निमित्ताने त्यांना जो छळ सोसावा लागला, तो हा विषय किती जिव्हारी लागणारा आहे याचा पुरावाच होय.

या सर्व चर्चेत दोन प्रश्न प्रामुख्याने विचारले गेले. खेळांत नायिका किती आहेत, हा पहिला. आणि त्या कोणत्या रूपात व कोणत्या वेषात दाखविल्या आहेत, हा दुसरा. दोन्ही प्रश्न योग्य आहेत व त्यांची उत्तरे पुष्कळ अंशी लज्जास्पद आहेत, यात शंका नाही. परंतु हे दोन्ही प्रश्न कादंबरीला, चित्रपटाला किंवा भिंतीवरील जाहिरातीलाही विचारता येतील. व्हिडिओ गेमचे जे खास वैशिष्ट्य, की तो केवळ पाहावयाचा नसून करावयाचा असतो, त्याला या प्रश्नांचा स्पर्श होत नाही. तेथे नायिका चालते ती खेळणाऱ्याच्या बोटांनी चालते. म्हणून या कलाप्रकारापुरता एक तिसरा प्रश्न विचारला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खेळणाऱ्याचा ‘मी’ आणि पडद्यावरील ‘ती’ यांच्यामध्ये खेळाने कोणता संबंध मांडला आहे, आणि तो मांडताना खेळणारा कोण आहे असे गृहीत धरले आहे? नायिकेचे चित्रण चांगले की वाईट याचा निर्णय अखेर या प्रश्नावर अवलंबून आहे, हे या लेखाचे प्रतिपादन होय.

‘खेळणारा कोण’ हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही. स्त्रिया हे खेळ खेळतच नाहीत, सबब ते पुरुषांसाठी रचले जाणे स्वाभाविक आहे, असे समर्थन दीर्घकाळ केले जात असे. ते आता टिकणारे नाही. अमेरिकेतील एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशन या व्यावसायिक संस्थेच्या पाहण्यांत २०१० नंतर खेळणाऱ्यांमधील स्त्रियांचे प्रमाण सातत्याने ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे. या आकड्यांत मोबाईलवरील लहानसहान खेळही येतात हे खरे. तथापि स्त्री ही या कलेची अपवादभूत रसिक आहे, असे म्हणण्यास जागा उरलेली नाही.

२

या प्रश्नाचा विचार करण्यास मराठी भाषा एक सोयीचे साधन पुरविते. मराठी बोलणारी मुले खेळत असताना त्यांचे बोलणे ऐकावे. पडद्यावरील आकृती खड्ड्यात पडली की मुलगा ‘मी मेलो’ असे म्हणतो आणि मुलगी ‘मी मेले’ असे म्हणते. ‘तो मेला’ असे सहसा कोणी म्हणत नाही. यातील पहिली गोष्ट, म्हणजे प्रथमपुरुषाचा वापर, सर्व भाषांत आढळते आणि तिची दखल अनेकांनी घेतली आहे. दुसरी गोष्ट इंग्रजीत दिसूच शकत नाही, कारण तेथील क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मिशाळ मारिओला चालविणारी मुलगी ‘मी मेले’ म्हणते आणि लारा क्रॉफ्टला चालविणारा मुलगा ‘मी मेलो’ म्हणतो. क्रियापद पडद्यावरील आकृतीच्या मागे जात नाही, ते खेळणाऱ्याच्या मागे जाते. म्हणजे खेळणारा त्या आकृतीशी एकरूपही होतो आणि त्याच क्षणी स्वतःचे वेगळेपणही राखतो.

ही अवस्था मराठी समीक्षेला अपरिचित नाही. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत प्रवेश करतो आणि या दुहेरी अनुभवातून वाङ्मयाचा आनंद निर्माण होतो, असे त्या उपपत्तीचे सार आहे. वाङ्मयाच्या क्षेत्रात ती सर्वस्वी समाधानकारक आहे की नाही याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तीत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु व्हिडिओ गेमच्या अनुभवाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे. फरक इतकाच, की वाचकाची समाधी कल्पनेत असते, तर खेळणाऱ्याची समाधी कृतीत असते. ‘मी मेले’ या दोन शब्दांत ‘मी’ ही समाधी आहे आणि ‘मेले’ हा विकल्प आहे.

येथे आपल्या रंगभूमीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९११ साली ‘मानापमान’मधील भामिनी आणि १९१९ साली ‘एकच प्याला’तील सिंधू बालगंधर्वांनी रंगविली, तेव्हा पुरुषाने स्त्रीच्या देहातून वावरणे महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले. पुरुष खेळणारा जेव्हा नायिका चालवितो, तेव्हा तोही एका अर्थी स्त्रीपार्टच करीत असतो. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. स्त्रीपार्ट करणारा नट ‘मी आले’ असे म्हणे. व्याकरणासकट तो स्त्रीची भूमिका पत्करी. व्हिडिओ गेम खेळणारा पुरुष हे ऋण पत्करीत नाही. तो तिच्या देहाचा उपयोग करतो व क्रियापद स्वतःचे ठेवतो. यात दोष आहे असे नव्हे. खेळाचे ते स्वरूपच आहे. परंतु यामुळे खेळाच्या कर्त्यावर एक जबाबदारी येते. ‘मी’ची जागा त्याने मोकळी ठेवली आहे, तेथे ‘मेलो’ही बसला पाहिजे आणि ‘मेले’ही बसली पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट कधी अवघड मानली गेली नाही. मारिओ, लिंक आणि त्यांच्यासारखे शेकडो नायक त्यांनी चार दशके चालविले, आणि पुरुषदेहातून ‘मी जिंकले’ असे म्हणताना त्यांची अडचण होते की काय, हे कोणी विचारले नाही. पुरुषाने स्त्रीदेहातून ‘मी जिंकलो’ म्हणावे की नाही, हा मात्र या व्यवसायाला फार मोठा पेच वाटत आला. या विषमतेत आपल्या विषयाचे मर्म आहे.

३

प्रारंभीच्या काळाकडे पाहिले असता चित्र वाटते तितके एकरंगी नाही. १९८० साली जपानमधील नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ रचला, तो नाणी टाकून खेळावयाच्या केंद्रांत स्त्रियांनीही यावे या उद्देशाने. लढाई हा विषय टाळून त्यांनी खाणे हा विषय निवडला. पुढे अमेरिकेत त्याचीच सुधारलेली आवृत्ती १९८२ साली ‘मिस पॅक-मॅन’ या नावाने आली. पिवळ्या वर्तुळाला डोक्यावर रिबिनीची गाठ, लाल ओठ आणि गालावर तीळ दिला की झाली स्त्री, अशी ही योजना होती. म्हणजे वर्तुळाला काहीही न जोडले तर ते पुरुष, आणि स्त्री व्हावयास खूण जोडावी लागते, हा संकेत या कलेच्या जन्मापासूनचा आहे. तथापि कृतीच्या बाजूने पाहिले तर मिस पॅक-मॅन कोठेही उणी नाही. तिचा खेळ मूळ खेळाहून विविध होता. एकाऐवजी चार चक्रव्यूह होते व पाठलाग करणाऱ्या भुतांची चाल अधिक अनपेक्षित होती. रूपचित्रण बाळबोध आणि कर्तृत्व पूर्ण, असे हे उदाहरण आहे. केवळ वेषावर दृष्टी ठेवणारी समीक्षा त्यास न्याय देऊ शकणार नाही.

रोबर्टा विल्यम्स या स्त्री-रचनाकाराने १९८८ साली ‘किंग्ज क्वेस्ट’ या मालिकेचा चौथा भाग रचला. त्यात राजा अंथरुणाला खिळतो आणि त्याला वाचविणारे फळ आणण्यास राजकन्या रोझेला निघते. सोडवून आणली जाणारी राजकन्या येथे सोडविणारी झाली आहे, आणि तीही लारा क्रॉफ्टच्या आठ वर्षे आधी. नायिकांचा इतिहास लारापासून सुरू होतो, हा समज म्हणून टिकत नाही.

परंतु या काळातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण म्हणजे निन्टेंडोचा १९८६ सालचा ‘मेट्रॉइड’. यातील वीर सॅमस अरन नखशिखान्त चिलखतात असतो. खेळाबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेत त्याचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने केलेला होता. खेळ पुरेशा त्वरेने संपविणाऱ्यास अखेरीस कळते, की हा वीर स्त्री आहे. हे रहस्य रहस्य म्हणून टिकले, याचे कारण वीर हा पुरुष असणार हे खेळणाऱ्याने धरून चालावे अशी व्यवस्था होती. ज्या मुलीने संपूर्ण खेळभर ‘मी मेले’, ‘मी वाचले’ असे म्हटले, तिचे व्याकरण शेवटी बरोबर ठरले. तिचा विकल्पच नाहीसा झाला. असा क्षण या कलेत पूर्वी क्वचितच आला असेल.

पण खेळाने हा क्षण तिच्यासाठी योजलेला नव्हता. खेळ जितक्या कमी वेळात संपवावा, तितकी शेवटच्या चित्रात सॅमस कमी वस्त्रांत दिसते. आधी शिरस्त्राण उतरते, मग चिलखत, आणि एका तासाच्या आत खेळ संपविणाऱ्यास ती पोहण्याच्या तोकड्या वेषात दाखविली जाते. कौशल्याचे बक्षीस म्हणून कर्तीचे रूपांतर प्रेक्षणीय वस्तूत होते. तासभर जी ‘मी’ होती, ती अखेरच्या चित्रात ‘ती’ होते आणि खेळणारा तिच्यासमोर प्रेक्षक म्हणून उभा राहतो. पुढील काळातील जवळजवळ सर्व प्रश्न या एका शेवटात बीजरूपाने आहेत.

४

इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाईन या संस्थेने १९९६ साली ‘टूम रेडर’ प्रसिद्ध केला. टोबी गार्ड यांनी कल्पिलेली त्याची नायिका लारा क्रॉफ्ट ही व्हिडिओ गेमच्या जगाबाहेरही ओळखली जाणारी बहुधा पहिली नायिका होय. तिच्यावरील समीक्षेत दोन टोके आढळतात.

एक टोक चित्रपटसमीक्षेतून आलेले आहे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, चित्रपटाची दृष्टी ही पुरुषाची दृष्टी असते व स्त्री तिचा विषय असते, असे प्रतिपादिले होते. कॅमेरा सदैव लाराच्या पाठीशी ठेवणाऱ्या या खेळास ते लागू करणे सोपे होते. दुसरे टोक नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांचे. लाराच्या देहाची ठेवण खेळणारा म्हणून आपणास गैरलागू आहे, निराळा देह असता तरी आपण निराळे खेळलो नसतो, आपली दृष्टी त्या देहाच्या पलीकडे जाते, असे त्यांनी २००४ साली लिहिले. या दोहोंच्या मध्ये हेलन केनेडी यांचा २००२ चा लेख आहे. केवळ संहितेच्या विश्लेषणाने लाराचा निर्णय लागणार नाही, स्त्रिया तिला कशा खेळतात हेही पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

आर्सेथ यांच्या विधानात तथ्यांश आहे हे मान्य केले पाहिजे. कड्यावरून उडी साधताना खेळणाऱ्याचे लक्ष अंतरावर असते, नायिकेच्या कंबरेवर नसते. ही समाधीची बाजू झाली. परंतु आपल्या ‘मी’ला देहाची अडचण होत नाही हा अनुभव ज्याला नेहमीच लाभत आला, त्याने तो सर्वांचा अनुभव मानू नये. शिवाय खेळ म्हणजे केवळ उडी नव्हे. उडी चुकल्यावर काय दाखविले जाते, हाही खेळच होय.

याचे प्रत्यंतर २०१३ च्या नव्या ‘टूम रेडर’मध्ये मिळते. क्रिस्टल डायनॅमिक्स या संस्थेने केलेल्या या खेळाची प्रमुख लेखिका रिआना प्रॅचेट ही स्त्री होती. लाराचा वेष बदलला, देह प्रमाणबद्ध झाला, तिला भय, थंडी, भूक मिळाली. पहिल्या दोन प्रश्नांच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती व तसे तिचे स्वागतही झाले. पण २०१२ साली कार्यकारी निर्माते रॉन रोझेनबर्ग यांनी एका मुलाखतीत जे सांगितले ते अधिक बोलके आहे. लारा खेळताना लोक स्वतःला तिच्या जागी कल्पीत नाहीत, तिचे रक्षण करावे असे त्यांना वाटते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. येथे ‘लोक’ या शब्दात खेळणारी स्त्री नाही हे उघड आहे. खेळणारा ‘मी’ नायिकेपासून सोडवून तिच्या मागे पालक म्हणून उभा केला आहे.

आणि हे केवळ मुलाखतीतले वाक्य राहिले नाही. खेळाच्या रचनेत ते उतरले आहे. लाराचा मृत्यू होतो तेव्हा खेळणाऱ्याच्या हातातील सत्ता काढून घेतली जाते आणि कॅमेरा तिच्या यातना सविस्तर दाखवितो. नदीच्या लोंढ्यात तिच्या गळ्यात फांदी घुसते तो प्रसंग पाहावा. ज्या क्षणी खेळणारी ‘मी मेले’ असे म्हणणार, नेमक्या त्याच क्षणी खेळ तिला ‘ती मरत आहे, पाहा’ असे सांगतो. वस्त्रे वाढली, पण ‘मेट्रॉइड’च्या शेवटाशी या मृत्यूचे नाते तुटलेले नाही. दोन्हीकडे ‘मी’ची ‘ती’ झाली आहे. एकीकडे बक्षीस म्हणून, दुसरीकडे शिक्षा म्हणून.

५

या व्यवसायाची भीती याहून स्पष्ट शब्दांत व्यक्त झालेली आहे. पॅरिसमधील डोन्टनॉड या संस्थेच्या २०१३ च्या ‘रिमेंबर मी’ या खेळास नायिका असल्यामुळे अनेक प्रकाशकांनी नकार दिला. त्यातील एका प्रसंगी नायिका पुरुषाचे चुंबन घेते. खेळणारा पुरुष असल्याने त्याला हे अवघडल्यासारखे होईल, असा आक्षेप आला होता, असे त्या संस्थेच्या ज्यां-मॅक्सिम मोरिस यांनी जाहीरपणे सांगितले. त्याच संस्थेच्या २०१५ च्या ‘लाइफ इज स्ट्रेंज’ या खेळाच्या वेळीही नायिकेऐवजी नायक घेण्याविषयी सुचविले गेले. तशी अट न घालणारा प्रकाशक एकच निघाला. चुंबनाविषयीचा आक्षेप बारकाईने पाहिला म्हणजे लक्षात येते, की प्रकाशकाला ‘सविकल्प’ हा शब्दच मान्य नाही. नायिकेने केले ते खेळणाऱ्याने केले, निःशेषपणे केले, असे तो मानतो. मग स्त्रिया चार दशके पुरुषनायकांच्या देहातून राजकन्यांची चुंबने स्वीकारीत आल्या, त्याचे काय, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. स्त्रीचा विकल्प त्याने गृहीत धरला आहे आणि पुरुषाची समाधी मात्र त्याला धोक्याची वाटते.

उलट बाजूचे एक उदाहरण ‘मास इफेक्ट’चे आहे. २००७ पासूनच्या या मालिकेत कमांडर शेपर्ड पुरुष असावा की स्त्री हे खेळणारा ठरवितो. संवाद बहुतांशी तेच राहतात. स्त्री-शेपर्डला जेनिफर हेल यांचा आवाज आहे. ही भूमिका खास नायिका म्हणून लिहिलेली नसल्यामुळेच नायिकेच्या रूढ साच्यांतून ती सुटली. तरीही जाहिरातींत व वेष्टनावर प्रथम पुरुष-शेपर्डच होता. स्त्री-शेपर्डला वेष्टनाच्या उलट बाजूवर जागा मिळाली ती २०१२ च्या तिसऱ्या भागात. निवड दिलेली आहे, पण खूण नसलेले वर्तुळ अजून पुरुषाचेच आहे.

‘मी’ची जागा मोकळी ठेवण्याचा एक मार्ग प्रथमपुरुषी दृष्टीचा आहे. २००२ च्या ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये खेळणारा सॅमसच्या शिरस्त्राणातून जग पाहतो. ती दिसत नाही. परंतु जवळपास प्रखर प्रकाश झाला की काचेच्या आतल्या बाजूवर तिचा चेहरा क्षणभर प्रतिबिंबित होतो. चिलखत उतरवून प्रेक्षकांना दाखविलेली सॅमस आणि आपल्याच काचेत आपल्याला दिसलेली सॅमस, यांतील अंतर सोळा वर्षांचे आहे, आणि ते केवळ तंत्राचे अंतर नव्हे. २००७ च्या ‘पोर्टल’मध्ये, ज्याच्या रचनेत किम स्विफ्ट या स्त्रीचा प्रमुख वाटा होता, हीच गोष्ट अधिक सहजतेने साधली आहे. भिंतींत दोन द्वारे उघडली असता एकातून पाहताना दुसऱ्यासमोर उभी असलेली स्वतःचीच आकृती दिसते. ती चेल नावाच्या स्त्रीची असते. या शोधाबद्दल खेळ कसलेही बक्षीस देत नाही. कोडे सोडविताना ते आपोआप कळते, इतकेच.

मात्र प्रथमपुरुषी दृष्टी हा रामबाण उपाय आहे असे समजू नये. चेल मूक आहे. तिला भूतकाळ नाही. प्रत्येक नायिका अशी रिकामी ठेवावयाची, तर या कलेत व्यक्तिरेखा उरणार नाहीत. म्हणून २०१७ च्या ‘हेलब्लेड’चा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. केंब्रिज येथील निन्जा थिअरी या संस्थेच्या या खेळात सेनुआ या मनोविकारग्रस्त तरुणीचा प्रवास आहे. कॅमेरा तिच्या खांद्यामागेच, म्हणजे लाराच्या कॅमेऱ्याजागीच आहे. परंतु सेनुआला सतत आवाज ऐकू येतात, आणि निवेदन करणारा आवाज आरंभीच खेळणाऱ्याला त्या आवाजांच्या मेळ्यात सामील करून घेतो. तिच्या मागून पाहणारे हे कोण, या प्रश्नाचे उत्तर कथेच्या आतच दिले गेले. खेळणारा येथे पालक नाही, मालकही नाही. तिच्या मनातील एक रहिवासी आहे. आणि हे रहिवासीपण पुरुषाला किंवा स्त्रीला सारखेच खुले आहे. यावरून असे म्हणता येईल, की प्रश्न कॅमेऱ्याच्या स्थानाचा नाही; खेळणाऱ्याला दिलेल्या स्थानाच्या प्रामाणिकपणाचा आहे.

६

या संबंधाची सर्वांत कठोर परीक्षा ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाने २०२० साली घेतली. खेळणारा प्रथम एलीच्या देहातून सूडासाठी निघतो. ज्या ॲबीचा सूड घ्यावयाचा, तिने एलीच्या पितृस्थानी असलेल्या जोएलला मारलेले असते. निम्मा खेळ झाल्यावर तेच तीन दिवस ॲबीच्या देहातून जगण्यास खेळणाऱ्याला भाग पाडले जाते. द्वेषाचा विषय असलेली ‘ती’ अकस्मात ‘मी’ होते. पुढे ॲबी होऊन एलीशी झुंजावे लागते आणि शेवटी एली होऊन ॲबीशी. सविकल्प समाधीतील विकल्प येथे कथानकाचा विषयच झाला आहे.

या खेळास जो विरोध झाला, त्यातील काही कथानकाविषयी होता व तो विचारार्ह आहे. परंतु मोठा भाग ॲबीच्या स्नायुयुक्त देहाविषयी होता. असा देह स्त्रीचा असूच शकत नाही असे म्हटले गेले. वास्तविक तो एका क्रीडापटू स्त्रीच्या देहावरून घेतलेला होता. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीस तर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. भूमिका आणि व्यक्ती यांतील भेद ज्यांना राखता आला नाही, ते खेळाशी एकरूप झाले होते असे कोणी म्हणेल; पण ती समाधी नव्हे, तो विकल्पाचा नाश होय. ॲबीचा देह कोणासाठीही प्रेक्षणीय म्हणून रचलेला नव्हता. तो केवळ करण्यासाठी रचलेला होता. पाहण्याची सवय जडलेल्यास तो अपमान वाटावा, यात नवल नाही.

७

याच वर्षी आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध झाला. राक्षसांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाला सोडविण्यास राजी ही डोंबाऱ्याच्या खेळात तरबेज असलेली मुलगी निघते. भावाने बहिणीचे रक्षण करावे हा आपल्याकडील रूढ संकेत आणि नायकाने राजकन्येला सोडवावे हा या कलेतील रूढ संकेत, दोन्ही येथे एकदम उलटले आहेत. कॅमेरा उंचावर व दूर असल्याने राजीची आकृती लहान दिसते. तिच्या देहाचे प्रदर्शन होण्यास वावच नाही. कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपाने येतो. या सर्व गुणांबद्दल या खेळाचे कौतुक झाले ते योग्यच आहे.

तथापि आपला तिसरा प्रश्न येथेही विचारला पाहिजे. राजीची कथा दुर्गा आणि विष्णू परस्परांशी बोलत सांगतात. राजी काय करीत आहे, तिला काय साधेल, काय साधणार नाही, याची चर्चा वरून चाललेली असते. त्रिशूळही दुर्गेच्याच कृपेचा. त्यामुळे खेळणारी दोन ठिकाणी विभागली जाते. बोटांनी ती राजी असते आणि डोळ्याकानांनी ती वर बसलेल्या देवतांच्या पंक्तीत असते. पुराणकथेच्या परंपरेला हे धरून आहे, आणि ही उंची लाराच्या पालकाची नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. देवतांत एक देवी आहे आणि तीच राजीची कैवारी आहे. परंतु राजीचे कर्तृत्व तिचे की तिला दिलेले, हा प्रश्न खेळ संपल्यावरही शिल्लक राहतो. आपल्याकडे स्त्रीचा पराक्रम मान्य करताना तिच्या अंगी देवी संचारली असे म्हणण्याची रीत आहे. त्या रीतीची सावली येथे पडली आहे काय, याचा अभ्यासकांनी विचार करावा.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. नायिकांची संख्या वाढणे व त्यांचे वेष सुधारणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. २०१३ च्या लाराने हे दाखविले. देह गैरलागू आहे असे म्हणणेही पुरेसे नाही. ‘मेट्रॉइड’च्या शेवटाने हे दाखविले. नायिकेच्या चित्रणाची कसोटी ही, की खेळणाऱ्यासाठी रचनेत जी जागा ठेवली आहे, तेथे स्त्री स्वतःचे क्रियापद घेऊन बसू शकते की नाही, आणि अटीतटीच्या क्षणी, म्हणजे विजयाच्या व मृत्यूच्या क्षणी, ती जागा तिच्याकडून काढून घेतली जाते की नाही.

या कसोटीचा संबंध केवळ संहितेशी नाही. अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत छळ टाळण्यासाठी स्त्रिया आपला आवाज बंद ठेवतात, हे सर्वश्रुत आहे. इंग्रजीत मजकूर लिहून बोलणारीला आपली ओळख झाकता येते. मराठी बोलणारीला ती सोय नाही. ‘मी येते’, ‘मी थांबले’ असे दोन शब्द उच्चारताच ती उघडी पडते. तिला एकतर मौन पत्करावे लागते, नाहीतर ‘मी येतो’ असे म्हणावे लागते. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाने कलेसाठी जे व्याकरण स्वखुशीने बदलले, ते तिला भयापोटी बदलावे लागते. खेळांतील नायिका कितीही सामर्थ्यवान झाल्या, तरी त्यांना चालविणारीला जोपर्यंत आपले क्रियापद मोकळेपणाने उच्चारता येत नाही, तोपर्यंत त्या सामर्थ्याचे मोल अर्धेच राहील.

मराठी खेळणाऱ्यांच्या बोलण्याचे पद्धतशीर संकलन ही म्हणूनच भाषाशास्त्र व साहित्यसमीक्षा या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांपुढील एक करण्याजोगी गोष्ट आहे. कोणत्या खेळात, कोणत्या क्षणी, कोण ‘मी’ म्हणते आणि कोण ‘ती’ म्हणते, याची नोंद झाली, तर इंग्रजीतील या चर्चेला जे आपल्या भाषेत पाहता येत नाही, ते मराठीतून दाखविता येईल.